एकाच मेजर स्केलमधून सात मोड निघतात, मग फरक नेमका कशात?

नाशिकचा गिटारवाला

नमस्कार मंडळी. गिटार वाजवायला लागून काही वर्षं झाली. कॉर्ड्स, मेजर स्केल, मायनर स्केल इथपर्यंत गाडी रुळावर होती. आता मोड सुरू केले आणि तिथेच अडलोय. जिथे बघावं तिथे एकच सांगतात: सी मेजरचे स्वर सी ते सी वाजवले की आयोनियन, तेच स्वर डी ते डी वाजवले की डोरियन, ई पासून फ्रिजियन, एफ पासून लिडियन, जी पासून मिक्सोलिडियन, ए पासून एओलियन आणि बी पासून लोक्रियन. हे सगळं पाठ आहे. पण डी पासून सुरू करा नाहीतर एफ पासून, माझ्या कानाला सी मेजरच ऐकू येतं. स्वर तेच सात असतील तर नाव वेगळं कशासाठी?

दुसरा प्रश्न. क्लासमधला एक मित्र म्हणाला, "अरे हे तर आपले थाट." लहानपणी आईने पेटीवर थोडं शिकवलंय, त्यामुळे थाटांची, म्हणजे सात-सात स्वरांच्या ठरावीक संचांची, नावं माहीत आहेत. डोरियन म्हणजे काफी, हे खरं आहे का? आणि असेल तर मग राग म्हणजे मोड म्हणायचं का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

काळी पाच

गिटारवाले, कुठून सुरू करायचं हे विसरा. कोणत्या स्वराला सा मानलाय ते बघा. तुम्ही डी पासून सुरू करता, पण मनात सा सी वरच ठेवता. मग ऐकू येणार सी मेजरच.

करून बघा. पेटी असेल तर उत्तम, नाहीतर कीबोर्ड. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनवर म्हणजे डी वर लावा, पंचमाची तार ए. पाचएक मिनिटं नुसतं ऐका, तोच सा गळ्याने लावा. सा बसला की फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा आणि घाईने सप्तक चढू नका. डी वरून एफ वर जा, तिथे थांबा, परत डी वर या. तो एफ आता कोमल (अर्ध्या स्वराने उतरलेला) गंधार झालाय. सी वरून डी वर या, तो कोमल निषाद. बी वर थांबा, तो शुद्ध धैवत. म्हणजे ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. हा काफी थाट, हाच डोरियन.

आता उजवा हात पेटीवरून न काढता तानपुरा पांढरी चारवर न्या, म्हणजे एफ. पट्ट्या पांढऱ्याच. मघाशी शुद्ध धैवत असलेला बी आता तीव्र (अर्ध्या स्वराने चढलेला) मध्यम होऊन बसतो आणि सगळीकडे कल्याण पसरतो. बी ची कंपनं पहिल्याइतकीच आहेत, तरी तुम्ही त्याला दुसराच स्वर म्हणून ऐकता. पहिल्यांदा हे जाणवलं की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी आला होता.

याच रीतीने गेलं तर बिलावलचे सात स्वर घेऊन सा धरला की बिलावल, रे ला सा मानलं की काफी, ग ला मानलं की भैरवी, म ला कल्याण, प ला खमाज, ध ला आसावरी. मित्राचं बरोबर आहे. राहिला नी. त्याला सा मानलं तर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम दोन्ही मिळतात, पण पंचमच मिळत नाही. म्हणून लोक्रियनला आपल्याकडे थाट नाही.

असा सा हलवण्याला जुनं नाव मूर्च्छना. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या सात मूर्च्छना नावानिशी दिल्यात: सा पासूनची उत्तरमंद्रा, नी पासूनची रजनी, आणि अशाच पुढच्या.

ऐरोलीचा बेसवाला

काळी पाच यांनी सा चं छान सांगितलंय. मी कॉर्ड्सच्या बाजूने लिहितो, कारण गिटारवाल्याची खरी अडचण तिथेच असणार.

कान सी कडे का ओढला जातो? बी आणि एफ या दोन स्वरांमुळे. त्यांच्यात सहा अर्धस्वरांचं (गिटारवर सहा पडद्यांचं) अंतर आहे आणि ते एकमेकांशी भांडतात. जी सेव्हन कॉर्डमध्ये हे दोघेही असतात. बी ला वर सी वर जायचं असतं, एफ ला खाली ई वर. ते दोघे सरकले की सी मेजर कॉर्ड तयार. शेकडो वर्षं कानावर हेच पडल्यामुळे जी सेव्हन वाजली की मन सी ची वाट बघतं. तुम्ही डोरियन म्हणून डी मायनर, जी सेव्हन, सी असं वाजवत असाल तर ते सी मेजरच झालं, सुरुवात डी मायनरने केली म्हणून काही बदलत नाही.

डोरियन ऐकायचं तर डी मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्ड्स आलटून पालटून वाजवा. जी ची साधी कॉर्ड, सेव्हन नको, आणि दर वेळी मुक्काम डी मायनरवर. जी मधला बी हाच डोरियनचा स्वभाव आहे. नेहमीच्या डी मायनरमध्ये तिथे बी फ्लॅट असतो. बाकीच्यांसाठीही दोन-दोन कॉर्ड्स पुरतात: फ्रिजियनला ई मायनर आणि एफ, मिक्सोलिडियनला जी आणि एफ, लिडियनला एफ आणि जी, पण बेसमध्ये एफ सोडायचा नाही. लिडियन फार नाजूक असतो. बेस जरा हलला की तो सी मेजरच्या खिशात जातो.

मोड ऐकायला शिकायचं असेल तर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' मधलं 'सो व्हॉट' ऐका. त्याची धून बेसवर आहे, म्हणून माझ्या जास्त जवळची. रचना 32 बारची (बार म्हणजे तालाचा एक विभाग): पहिले 16 बार डी डोरियन, मग 8 बार सगळंच अर्ध्या स्वराने वर, ई फ्लॅट डोरियन, आणि शेवटचे 8 पुन्हा डी. कॉर्ड्सची पळापळ नाही. सोळा बार एकाच जागी उभं राहून वाजवायचं म्हणजे काय, ते तिथे कळतं. आपल्या आलापाची सवय असलेल्याला ते परकं वाटणार नाही.

मांडवीकाठ

वरच्या सगळ्या चर्चेत एक गृहीत धरलंय की मोड मेजर स्केलमधून "निघतात". इतिहास उलटा आहे, आणि तो कळला की गोंधळ बराच कमी होतो.

मी गोव्याची. आमच्याकडे इगर्जीच्या (चर्चच्या) शाळांमधून सॉल्फेज (दो-रे-मी नावांनी स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायची जुनी परंपरा, आमच्या घरातही ती होती. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत इतके गोंयकार दिसायचे ते या शिक्षणामुळे. तर चर्चच्या ग्रेगोरियन गायनात मोड आठ होते. गाणं ज्या स्वरावर संपतं तो मुख्य स्वर, आणि असे मुख्य स्वर चारच: रे, मी, फा, सोल (गिटारवाल्यांचे डी, ई, एफ, जी). प्रत्येकाचे दोन प्रकार, एक त्या स्वराच्या वर फिरणारा, दुसरा त्याच्या खालीवर दोन्हीकडे फिरणारा. यात दो वर संपणारा मोड, म्हणजे आजची मेजर स्केल, यादीत नव्हताच! 1547 साली हाइनरिख ग्लारेआन याने बाझेलमध्ये 'दोदेकाकोर्डोन' छापलं आणि दो व ला या स्वरांवरचे मोड जोडून संख्या बारावर नेली. आयोनियन आणि एओलियन पंक्तीत बसले ते तेव्हा. सी वर संपणारी गाणी लोक आधीही गात होते, पण शास्त्राच्या यादीत मेजर उशिरा आली.

म्हणजे मेजर ही आई आणि बाकी सहा मुलं हे नातं पुढे शिकवण्याच्या सोयीसाठी जुळवलेलं आहे. मुळात ही सगळी भावंडंच. आणि सी (बी) वरचा मोड ग्लारेआनने बाजूला ठेवला, कारण त्याला शुद्ध पंचम नाही. काळी पाच यांनी लोक्रियनला थाट नसण्याचं जे कारण दिलंय तेच!

(आमच्या सॉल्फेजमध्ये सातव्या स्वराला सी म्हणतात, म्हणून कंसात बी लिहिलंय. वरच्या "सी वर संपणारी" मधला सी मात्र गिटारवाल्यांचा.)

नाशिकचा गिटारवाला

वा! काळी पाच ताई, तानपुरा लावून बसलो आणि पहिल्यांदा डोरियन "ऐकू" आलं. एफ वरचं कल्याणही. बेसदादांचं डी मायनर–जी सुद्धा जमतंय. पण गिटारवर अजून एक अडचण आहे. दर वेळी डोक्यात "मी आता कोणाच्या मेजरमध्ये आहे" हा हिशेब चालतो. ए डोरियन वाजवायचं तर आधी जी मेजर आठवायची, मग तिचा दुसरा स्वर. वाजवताना इतका वेळ कुठे असतो?

पुरुषोत्तम नगर चाळ

हिशेब सोडा. सा हलवूच नका, स्वर हलवा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच शिकवतात.

गिटारची सहावी तार ई वरून डी वर उतरवा. आता खालच्या तीन तारा डी, ए, डी झाल्या. सा, प, सा! तुमच्या मांडीवर तानपुरा आला. या तीन तारा मोकळ्या छेडत राहा आणि वरच्या तारांवर डी पासून सप्तक वाजवा.

सुरुवात कल्याणपासून: डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए, बी, सी शार्प. म तीव्र, बाकी शुद्ध. हा डी लिडियन. आता एकच बोट एक पडदा मागे घ्या, जी शार्पचा जी करा. बिलावल, म्हणजे डी मेजर. पुन्हा एकच बोट मागे, सी शार्पचा सी. नी कोमल झाला, खमाज आला, म्हणजे मिक्सोलिडियन. एफ शार्पचा एफ केला की ग पण कोमल, काफी. बी चा बी फ्लॅट केला की ध कोमल, आसावरी. ई चा ई फ्लॅट केला की रे कोमल, भैरवी, म्हणजे फ्रिजियन. दर पावलाला एकच स्वर एक पडदा उतरतो आणि रंग गडद होत जातो. क्रम बघा: म, नी, ग, ध, रे. तीव्र म जागेवर आल्यानंतर कोमल होणारा प्रत्येक स्वर आधीच्याचा मध्यम आहे. नी चा मध्यम ग, ग चा ध, ध चा रे. तो क्रम तसाच पुढे नेला तर पाळी प ची. पंचम उतरवला की लोक्रियन, पण मग तुमची मधली मोकळी तार, ए, त्याच्या विरुद्ध उभी राहते. तिथे तानपुराच बंद करावा लागतो.

हे सहा थाट एकाच सा वर, रोज अर्धा तास, हळूहळू. महिन्याभरात "मिक्सोलिडियन म्हणजे मेजरमध्ये नी कोमल" असं हाताला कळायला लागतं. कोणाच्या मेजरमधला कितवा स्वर, हा प्रश्न पडतच नाही. पहिली पद्धत कागदावर समजण्यासाठी, ही वाजवण्यासाठी.

सायंसंध्या

सगळं पटतंय, पण एका गोष्टीवर स्पष्ट बोलायला हवं. डोरियन म्हणजे काफी थाट. काफी राग नव्हे, आणि राग म्हणजे मोड तर मुळीच नव्हे. हल्ली सर्रास "भीमपलास डोरियनमध्ये आहे" असं लिहिलेलं दिसतं, त्याचा त्रास होतो.

भीमपलास आणि बागेश्री दोन्ही काफी थाटातले. दोघांत ग, नी कोमल. भीमपलासचा आरोह नी सा ग म प नी सां, रे आणि ध चढताना वर्ज्य, उतरताना येतात. मध्यमावर विसावा. बागेश्रीत पंचम अगदी थोडा, आणि तोही वळणावळणाने. म ध नी सां अशी चाल, धैवताला मान. एकाच सात स्वरांच्या खोलीत दोन वेगळी माणसं राहतात. त्याहून ठळक उदाहरण भूप आणि देशकार. दोघांचे पाचही स्वर तेच: सा रे ग प ध. भूपात गंधार वादी (सगळ्यात महत्त्वाचा स्वर), देशकारात धैवत, आणि देशकार वरच्या अंगात रमतो. सकाळी देशकार ऐकणाऱ्याला संध्याकाळचा भूप कधीच आठवत नाही. शिवाय शास्त्रात भूप कल्याण थाटात घालतात आणि देशकार बिलावलात! म आणि नी दोघांतही नसताना. म्हणजे थाट ठरवतानाही नुसते स्वर मोजून भागलं नाही, रागाचं चलन बघावंच लागलं.

पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) आपल्या मुंबईचे, वाळकेश्वरचे, पेशाने वकील. दक्षिणेतली व्यंकटमखींची 72 मेळांची (तिकडच्या थाटांची) मांडणी अभ्यासून त्यांनी उत्तरेकडचे राग 10 थाटांत बसवले, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली. त्यांच्यासमोर निकष होता प्रत्यक्ष गायले जाणारे राग. थाट म्हणजे रागांचं वर्गीकरण. थाट कोणी गात नाही, राग गातात. मोडचं मात्र तसं नाही, मोडमध्ये थेट वाजवता येतं. हा फरक धरून ठेवा एवढंच म्हणणं.

कावेरीकाठ

बंगळूरहून लिहितेय. इथे सा हलवण्याच्या या क्रियेला ग्रहभेद म्हणतात आणि कर्नाटक संगीतात त्यावर खूप काम झालंय. मेळकर्त्यांत (त्या 72 मेळांत, कंसात त्यांचे क्रमांक) जुळवायचं तर शंकराभरण (29) मेजर, खरहरप्रिया (22) डोरियन, हनुमतोडी (8) फ्रिजियन, मेचकल्याणी (65) लिडियन, हरिकांभोजी (28) मिक्सोलिडियन, नटभैरवी (20) एओलियन. हिंदुस्थानी लोकांनी एवढंच लक्षात ठेवावं की इथली तोडी म्हणजे तुमच्या भैरवीचे स्वर. मी इथे आल्यावर पहिल्याच मैफलीत भलतीच गोंधळले होते.

सात स्वरांपेक्षा पाच स्वरांची मूर्च्छना लवकर कळते. सायंसंध्या यांनी भूप काढलाच आहे तर तोच घ्या. भूपातल्या रे ला सा मानलं की सा रे म प आणि कोमल नी, म्हणजे मेघ, मधमाद सारंगाचे स्वर. ग ला सा मानलं की ग, ध, नी कोमल, मध्ये म, पंचम नाही: मालकंस! प ला सा मानलं की दुर्गा. ध ला सा मानलं की धानी. पेटीवर फक्त पाच काळ्या पट्ट्यांवर हे सगळं होतं. काळी तीनला सा धरलं की भूप. तिथून काळी चार, काळी पाच, काळी एक, काळी दोन असा सा हलवत न्यायचा. लहान मुलांना शिकवायला याहून सोपं काही नाही.

मात्र सायंसंध्या म्हणतात ते इथेही लागू. मालकंसाचे स्वर मिळाले, मालकंस मिळाला नाही.

पुरुषोत्तम नगर चाळ

+1. फक्त एक पुरवणी, कारण कोणीतरी तंबोऱ्यावर करायला जाईल आणि बेसूर का वाटतं म्हणून विचारेल.

पेटीवर मूर्च्छना इतकी सहज होते कारण पेटीत बाराही अर्धस्वर सारखे केलेत. कानाने सुरात लावलेल्या बिलावलात तसं नसतं. तिथे रे सा च्या 9/8 पट आणि ध 5/3 पट असतो. आता रे ला सा मानलं तर त्याचा पंचम म्हणजे मूळचा ध. 5/3 ला 9/8 ने भागा, 40/27 येतात. खरा पंचम 3/2. फरक 81/80 चा, साधारण 22 सेंट, अर्धस्वराच्या पाचव्या भागाहून किंचित जास्त. सतारीवर किंवा गळ्यात हा पंचम चक्क उतरलेला लागतो. म्हणून मैफलीत मूर्च्छना करणारा कलाकार स्वर नकळत सावरून घेतो, पट्टी जशीच्या तशी उचलत नाही. भरताने सप्तकात 22 श्रुती (बारीक स्वरांतरं) सांगून षड्जग्राम आणि मध्यमग्राम वेगळे ठेवले त्यातही पंचम एका श्रुतीने उतरवण्याचाच भाग आहे. षड्जग्रामाची 4-3-2-4-4-3-2 ही श्रुतींची वाटणी आजच्या काफीच्या जवळ जाते, बिलावलच्या नाही. मांडवीकाठ यांनी मेजर उशिरा आली म्हटलंय, त्याला हे आपल्याकडचं जोडून बघा.

नाशिकचा गिटारवाला

सहावी तार डी वर उतरवलीय आणि आता ती परत चढवावीशी वाटत नाही. कल्याणपासून भैरवीपर्यंत एकेक बोट मागे घेत जाणं म्हणजे निव्वळ आनंद आहे. खमाजवरून काफीवर उतरताना तो एफ शार्पचा एफ होतो, तिथे रोज दोन मिनिटं जास्त थांबतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचा प्रश्न. दहापैकी सहा थाट मेजरमधून मिळाले. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी का मिळत नाहीत? बी फ्लॅट मेजर, ई मेजर अशा दुसऱ्या मेजर घेतल्या तर मिळतील का?

काळी पाच

नाही मिळणार, कुठलीही मेजर घ्या. मेजरमध्ये शेजारच्या दोन स्वरांत एक किंवा दोन अर्धस्वरांचंच अंतर असतं. सा कुठेही हलवला तरी ही अंतरं फक्त फिरतात, नवं अंतर तयार होत नाही. या चारही थाटांत कुठे ना कुठे तीन अर्धस्वरांची उडी आहे. भैरवात कोमल रे ते शुद्ध ग आणि कोमल ध ते शुद्ध नी. पूर्वीतही त्याच दोन. मारव्यात कोमल रे ते ग. तोडीत कोमल ग ते तीव्र म, आणि कोमल ध ते नी. त्यांना दुसरं मूळ शोधावं लागतं.

मेजर सोडून दुसऱ्या सप्तकाचीही मूर्च्छना करता येते. तुमच्या डी, ए, डी वर आता पटदीपचे स्वर वाजवा: काफीसारखेच, पण नी शुद्ध. डी, ई, एफ, जी, ए, बी, सी शार्प. पाश्चात्त्य लोक याला मेलोडिक मायनर म्हणतात, चढतानाचं. हात बसला की सहावी आणि चौथी तार सोडा, फक्त मोकळी पाचवी, ए, घुमत ठेवा आणि तिला सा माना. स्वर तेच. ए पासून मोजलं की ग शुद्ध, ध आणि नी कोमल निघतात. हे चारुकेशीचे स्वर आहेत. एफ आणि जी वर जरा रेंगाळा, बाकी काही सांगायची गरज पडणार नाही.